फेरारीचा गिअरबॉक्स आणि कुंभार्ली घाट

गेल्या अंकात एकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की गाडीच्या मागे रेसिंगचा बॅज चिकटवला म्हणून गाडी काही रेसची होत नाही, झालं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की हे अख्खं पान यावेळी त्यालाच देऊन टाकतोय. टायर आणि सीएनजीवाल्यांनी राग मानू नये, तुमचे प्रश्न बाजूला काढून ठेवलेत.

प्रश्न : मी शाळेतून रिटायर झाल्यावर ड्रायव्हिंग शिकले आणि दोन वर्षांपूर्वी क्लच नसलेली, म्हणजे एएमटी गाडी घेतली. सपाटीला छान चालते पण कुंभार्ली घाट चढताना मधेच दम सोडल्यासारखं करते आणि मग झटका देऊन पुढे जाते. शेजारी बसलेल्या ह्यांची मान दरवेळी पुढे जाते आणि बोलणी मला बसतात. मुलाला सांगितलं तर म्हणतो, आई ही फेरारीची टेक्नॉलॉजी आहे, तुला नाही झेपायची. तो माझी चेष्टा करतोय का? (चिपळूण)

उत्तर : ताई, चेष्टा तर करतोयच, पण गंमत अशी की खरं बोलतोय. जरा लांबण लागेल पण ऐका.

१९८० च्या दशकाच्या शेवटी फेरारीची फॉर्म्युला वन गाडी जॉन बर्नार्ड नावाचा इंग्लिश डिझायनर बनवत होता. त्याला गाडी अंगाने अगदी सडपातळ हवी होती आणि त्याच्या वाटेत येत होता गिअरचा दांडा. ड्रायव्हरच्या मांडीशेजारी तो दांडा, तिथून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जाणारा रॉड, दांडा हलवायला हाताला लागणारी जागा, ह्या सगळ्यासाठी गाडी रुंद करायची म्हणजे त्याच्या डोक्याला ताप. मग त्याने तो दांडाच काढून टाकला. स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या लावल्या, उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा, आणि प्रत्यक्ष गिअर बदलायचं काम तेलाच्या प्रेशरवर चालणाऱ्या यंत्रणेला आणि तिला हुकूम देणाऱ्या कॉम्प्युटरला दिलं. क्लचचं पेडल उरलं ते फक्त जागेवरून निघण्यापुरतं. म्हणजे बघा, गिअर झटपट पडतो हा फायदा होताच, पण सुरुवात झाली ती जागा वाचवायच्या खटपटीतून.

टेस्टिंगमध्ये ही गाडी धड चालेना. मार्च १९८९ मध्ये ब्राझीलला मोसमाची पहिली रेस, नायजेल मॅन्सेल ड्रायव्हर, आणि असं सांगतात की गाडी अर्ध्यात बसणार याची त्याला इतकी खात्री होती की त्याने परतीचं लवकरचं विमान बुक करून ठेवलं होतं. रेसमध्ये मधेच त्याचं स्टिअरिंग व्हील ढिलं झालं, ते पिटमध्ये येऊन अख्खं बदलावं लागलं, आणि एवढं होऊन पठ्ठ्या जिंकला. त्या वर्षी फेरारीने एकूण तीन रेस जिंकल्या, बाकी बऱ्याच वेळा गाडी रस्त्यातच राहिली. पण पुढच्या पाच-सहा वर्षांत झाडून सगळ्या टीमनी गिअरचा दांडा काढून टाकला.

आता तुमच्या गाडीपर्यंत हे कसं आलं? फेरारी तेव्हा फियाटच्या घरातली, आणि ह्या गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक्स करणारी मॅग्नेटी मरेली ही कंपनीसुद्धा फियाटच्याच घरातली. १९९७ मध्ये फेरारीने रस्त्यावरच्या एफ ३५५ गाडीत ती पट्ट्यांची भानगड आणली, मग अल्फा रोमिओत आली, मग छोट्या गाड्यांत, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोच्या वेळी मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हा तिच्यात ह्याच मॅग्नेटी मरेलीचा एएमटी संच होता. साध्या मॅन्युअलपेक्षा साधारण ४० हजार जास्त मोजायचे आणि ॲव्हरेज कागदावर दोन्हीला सारखंच, आपल्याकडे एवढं पुरतं. त्यानंतर बहुतेक सगळ्यांनीच एएमटी आणली, तुमची कुठली ते मी छापत नाही, सगळ्यांची जात एकच आहे.

तर आता झटका. तुमच्या गाडीत क्लच नाही असं तुम्ही लिहिलंय, क्लच आहे ताई, पेडल नाही. गिअरबॉक्स मॅन्युअलचाच आहे, क्लचची प्लेट तीच आहे, फक्त ती दाबायला तुमच्या पायाऐवजी एक छोटा पंप, थोडं तेल आणि चार व्हॉल्व्ह बसवलेत. गिअर बदलताना क्लच दाबला जातो आणि तेवढा वेळ इंजिन आणि चाकं यांची फारकत झालेली असते. सपाटीला ते कळत नाही. चढावर मात्र तेवढ्यात गाडीचा वेग पडतो, मग क्लच लागतो आणि ती पुढे उसळी घेते. बर्नार्डच्या गाडीतही एकच क्लच होता, फक्त तिथे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं आणि मॅन्सेलला पट्ट्यांनी बांधून ठेवलेलं असायचं, शिवाय त्याच्या शेजारी कोणाचे यजमान बसलेले नसायचे.

करायचं काय ते सांगतो. गाडी आता गिअर टाकणार असं इंजिनच्या आवाजावरून कळायला लागतंच, त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल सोडा, पूर्ण नाही, जरासा, आणि गिअर पडला की परत द्या, आठवडाभरात पायाला सवय होईल. घाटात दांडा एम वर, म्हणजे मॅन्युअलवर घ्या आणि दुसरा गिअर धरून ठेवा, कारण स्वतःवर सोडली की ती वळणापाशी तिसरा टाकते आणि वळण संपताना तिला परत दुसरा आठवतो. चढावर ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं असेल तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ते म्हणजे हाफ क्लचवर उभं राहणं, प्लेट जळते आणि खर्च मोठा बसतो, हँडब्रेक ओढा. उतरतानाही एम मधे दुसराच ठेवा, ब्रेक तापणार नाहीत.

आणि एवढं करूनही झटके वाढतच असतील तर गॅरेजला गिअरबॉक्स उघडायला सांगायच्या आधी बॅटरी चेक करून घ्या. तो पंप बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरलेली असली किंवा टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलेलं असलं की गिअर नीट पडत नाहीत. १९८९ मधे फेरारीचंसुद्धा हेच दुखणं निघालं होतं, शिव्या गिअरबॉक्स खात होता आणि वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा निसटल्यामुळे त्याला वीजच पोचत नव्हती. हे मुलाला सांगा.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. इथे सेकंडहँड ऑडी घ्यायचा विचार आहे. ऑफिसातले जर्मन लोक म्हणतात घ्यायची तर क्वात्रोच, म्हणजे चारही चाकं ओढणारी घे, हिवाळ्यात पर्याय नाही, रॅलीतून आलेली सिस्टीम आहे. किंमत बरीच जास्त पडतेय. खरंच एवढा फरक पडतो का? (म्युनिक)

उत्तर : रॅलीतून आली म्हणणं अर्धं बरोबर आहे. आली ती लष्कराच्या जीपमधून, नाव मात्र रॅलीत कमावलं.

१९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे इंजिनीअर फिनलंडमध्ये बर्फावर गाड्या टेस्ट करत होते. सोबतीला फोक्सवॅगनची, म्हणजे ऑडीच्या मालक कंपनीची, इल्टिस नावाची लष्करी जीप होती, अंगाने बेढब, ताकद जेमतेम ७५ हॉर्सपॉवर, आणि ती बर्फावर ऑडीच्या दणदणीत गाड्यांना मागे टाकत होती कारण तिची चारही चाकं ओढत होती. यॉर्ग बेन्सिंगर हा तिथला चॅसिसचा माणूस, तो परत येऊन साहेबाला, म्हणजे फर्डिनांड पीएखला म्हणाला की हेच आपण साध्या कारमध्ये करू. १९७८ च्या जानेवारीत त्यांनी ऑस्ट्रियातल्या टुराखर होए नावाच्या घाटात, जिथे २३ टक्के चढ आहे, बर्फात, उन्हाळी टायरवर गाडी चढवून वरिष्ठांना दाखवली. टायरचं लक्षात ठेवा, त्यावर परत येतोय.

ह्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग घरगुती आहे. ती पहिली गाडी फोक्सवॅगनचे मोठे अधिकारी फियाला व्हिएन्नाला घेऊन गेले, तिथे त्यांच्या बायकोने ती शहरात चालवली आणि पार्क करताना गाडी उड्या मारते अशी तक्रार केली, अशी गोष्ट सांगतात. तक्रार अगदी रास्त होती. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, आणि पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधलेला असला की चाकं फरफटतात, आपल्याकडे डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून गल्लीत वळणाऱ्या कुठल्याही थारवाल्याला विचारा. मग पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं एक डिफरन्शियल मधे घालावं लागलं आणि ते मावायला गिअरबॉक्समध्ये जेमतेम २६ सेंटीमीटरचा पोकळ शाफ्ट करण्याची युक्ती निघाली, ताकद त्या पोकळीच्या बाहेरून मागे जाते आणि आतून परत पुढे येते. त्या एका युक्तीमुळे जीपसारखी जड वेगळी पेटी लावायची गरज संपली आणि म्हणूनच ती पुढे साध्या घरच्या ऑडीत बसवता आली.

१९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हाला क्वात्रो दाखवली. रॅलीत उतरायचं तर तेव्हाच्या नियमाने ४०० गाड्या बनवणं भाग होतं, आणि ह्यांनी १९९१ पर्यंत ११,४५२ विकल्या. १९८१ मध्ये मिशेल मूतों हिने सान रेमोची रॅली जिंकली, जागतिक रॅली जिंकणारी पहिली बाई, शेजारी नॅव्हिगेटर फाब्रित्सिया पोन्स, तीही बाईच. पुढच्या वर्षी मूतों थोडक्यात जगज्जेती व्हायची राहिली पण कंपनीला किताब मिळाला. १९८२ च्या अखेरीस साध्या ऑडी ८० मध्ये क्वात्रो आलं आणि दशकाच्या मध्यापर्यंत सगळ्या मॉडेलमध्ये मिळायला लागलं.

आता तुमचा प्रश्न. एक, क्वात्रो हे आता एका यंत्राचं नाव राहिलेलं नाही. ए३ सारख्या छोट्या गाडीत जे क्वात्रो आहे ते मुळात पुढच्या चाकांवर चालतं आणि गरज पडली की एक क्लच मागच्यांना जोडतो, २०१६ पासून मोठ्या गाड्यांतही क्वात्रो अल्ट्रा नावाचं आलंय ते गरज नसताना मागची चाकं सोडून देतं. वाईट नाहीत, पण मूतोंच्या गाडीत होतं ते हे नव्हे, तेव्हा नुसता बॅज बघून पैसे मोजू नका, नेमकं कुठलं आहे ते विचारा. दोन, चार चाकं ओढतात त्याचा उपयोग निघायला आणि चढायला. थांबायला शून्य. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात. बर्फात थांबवतो तो टायर, आणि जर्मनीत बर्फ-चिखल असताना हिवाळी टायर कायद्याने लागतातच. तुम्ही शहरात राहून मेट्रोने ऑफिसला जाणार आणि महिन्यातून एकदा आल्प्सकडे जाणार असाल तर मी म्हणेन साधी ऑडी घ्या आणि वाचलेल्यातले थोडे उत्तम हिवाळी टायरांवर घाला. दर शनिवार-रविवार स्कीइंगला जाणारे असाल तर घ्या क्वात्रो, मग मला विचारू पण नका.

प्रश्न : माझे वडील रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात होते. मला २०१६ ची अबार्थ पुंटो मिळतेय, ६२ हजार किमी, मालक एकच. वडील म्हणतात घे, मित्र म्हणतात बंद पडलेल्या कंपनीची गाडी घेऊ नको, नुसती विंचवाची स्टिकरं आहेत. (शिरूर)

उत्तर : मित्रांना आधी हे सांगा की विंचू स्टिकरच्या आधीचा आहे. कार्लो अबार्थ हा माणूस व्हिएन्नात जन्मला, १५ नोव्हेंबर १९०८, रास वृश्चिक, म्हणून त्याच्या कंपनीची खूण विंचू. १९४९ मध्ये त्याने इटलीत कंपनी काढली आणि रेस खेळायला पैसे कुठून आणायचे तर तो साध्या फियाटला बसणारे सायलेन्सर विकायचा. म्हणजे रेसची चव घरच्या गाडीला लावून देणं हाच त्याचा धंदा. १९६५ मध्ये स्वतःच्याच छोट्या गाडीत मावत नाही म्हणून सफरचंदं खाऊन त्याने ३० किलो वजन उतरवलं आणि मग मोंझाच्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली. १९७१ मध्ये फियाटने ती कंपनी घेतली आणि ती फियाटचं रेसचं वर्कशॉप झाली. फियाट १३१ अबार्थने १९७७, ७८ आणि ८० असे रॅलीचे तीन जागतिक किताब मिळवले, आणि मग १९८७ ते ९२ सलग सहा वर्षं फियाटच्याच घरातल्या लॅन्शिया डेल्टाने, त्यामागेही हीच अबार्थची माणसं.

डेल्टाचं उदाहरण मुद्दाम देतोय. तेव्हाचा नियम असा की ज्या गाडीने रॅली खेळायची ती वर्षाला ५,००० बनलेली पाहिजे. पाच हजार गाड्या कोण घेणार, तर पोरांना शाळेत सोडणारा, बायकोला बाजारात नेणारा माणूसच घेणार, म्हणजे गाडीला पाच दारं पाहिजेत, मागे बसता आलं पाहिजे, सामान मावलं पाहिजे, आणि त्याच वेळी ती जंगलात दगडधोंड्यांतून जिंकली पण पाहिजे. त्यामुळे रॅलीसाठी जे काही सुधारलं ते आपोआप विकायच्या गाडीतही घालावं लागायचं. कुठल्याही कंपनीने आमच्याकडे रेसिंगचा वारसा आहे म्हटलं की मी आधी हेच बघतो, त्यांना तसं विकायला नियमाने भाग पाडलं होतं का. जिथे पाडलं होतं तिथे वारसा लोखंडात उतरलेला दिसतो, जिथे नव्हतं तिथे रंगात.

तुमची पुंटो ह्या दोन्हीच्या मधली. ती विकायला कुठल्या नियमाने भाग पाडलं नव्हतं. पण २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ९.९५ लाखाला आली तेव्हा १४५ हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क, सस्पेन्शन खाली घेतलेलं आणि कडक केलेलं, हे सगळं खरंच बदललेलं होतं. टी-जेट इंजिन फियाटच्याच लिनियात होतं त्याच घराण्यातलं, जोर वाढवलेला. त्या पैशात तेव्हा दुसरं कोणी एवढं देत नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

घ्यायची का? बघून घ्या. जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटरच आहे, तेव्हा पहिलं काम गाडी लिफ्टवर चढवा आणि खालून बघा, स्पीडब्रेकरने किती ओरखडलंय त्यावरून मालकाचा स्वभाव कळतो. थंड इंजिन स्वतः स्टार्ट करा, मालकाला आधी गरम करून ठेवू देऊ नका, धूर बघा, टर्बोच्या पाईपला तेल ओघळलंय का बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत पाडा. फियाट २०१९ मध्ये भारतातून गेली, इंजिनचे पार्ट अजून मिळतात पण अबार्थचा बंपर किंवा तो विंचवाच्या नखीसारखा अलॉय तुटला तर शोधत बसावं लागेल. रोज पुण्याला जाऊन-येऊन करणार असाल तर दुसरी गाडी बघा. घरात दुसरी गाडी असेल तर वडिलांचं ऐका.

स्टिकरबद्दल मला जास्त बोलायचा हक्क नाही. मी स्वतः एकेकाळी एका दुकानदाराच्या नादी लागून जुन्या गाडीला शेंदरी रंगाच्या स्पोर्ट स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या, रॅलीवाल्याच वापरतात म्हणाला. तीन महिन्यांत आईने गाडीत बसणं सोडलं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण आहे तिथे रोज खालून खर्रकन आवाज यायचा, शेवटी जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. रॅलीच्या गाडीचं सस्पेन्शन उलट लांब पल्ल्याचं असतं, उडी मारून खाली आली तरी गिळून घेणारं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि त्या दुकानदारालाही नव्हतं.

प्रश्न : शोरूमवाला स्कोडा कुशाकच्या मोंटे कार्लो मॉडेलला रेसिंग एडिशन म्हणतो. त्यात रेसिंगचं काय आहे? (नांदेड)

उत्तर : रंग. काळी ग्रिल, आत लाल काळा साज, इंजिन जे बाकीच्या कुशाकला मिळतं तेच. नाव मात्र हवेतून आणलेलं नाही, १९३६ मध्ये दोघेजण स्कोडाची पॉप्युलर ही गाडी घेऊन अथेन्सहून निघाले आणि मोंटे कार्लो रॅलीत त्यांच्या गटात दुसरे आले, त्यावर कंपनीने लगेच मोंटे कार्लो नावाची खास आवृत्ती काढली, म्हणजे ही जाहिरातबाजी नव्वद वर्षांची जुनी आहे. १९७७ मध्ये त्याच रॅलीत स्कोडाची १३० आरएस तिच्या गटात पहिली आणि दुसरी आली. स्कोडाच्या गाडीवर आरएस दिसलं तर थांबून बघायचं, त्यात इंजिन-सस्पेन्शन खरंच वेगळं असतं, जुन्या ऑक्टेव्हिया आरएसवर जीव टाकणारी माणसं मला संभाजीनगरात आजही भेटतात. मोंटे कार्लो आवडत असेल तर जरूर घ्या, लाल-काळी गाडी दिसते छानच, फक्त जास्तीचे पैसे कपड्याचे आहेत हे माहीत असू द्या.

प्रश्न : मी नाशिकला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महिंद्रा इतकी वर्षं फॉर्म्युला ई खेळतेय, त्याचा त्यांच्या रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना खरंच उपयोग होतो की फक्त मार्केटिंग? (नाशिक)

उत्तर : इलेक्ट्रिक गाड्यांच्या ह्या रेसमालिकेत महिंद्रा २०१४ मधे बीजिंगला पहिली रेस झाली तेव्हापासून आहे, भारतातली एकटीच टीम, पहिला विजय २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने मिळवून दिला. पण तुला हे माहीत असायला हवं की तिथे चॅसिस आणि बॅटरी सगळ्या टीमना एकच, ठरवून दिलेली मिळते. टीमने स्वतःचं करायचं ते मागची मोटर, बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर, गिअर, मागचं सस्पेन्शन आणि सगळ्यात जास्त म्हणजे सॉफ्टवेअर. तेव्हा चाकणहून निघणाऱ्या इलेक्ट्रिक एसयूव्हीत रेसच्या गाडीतला एखादा नट-बोल्ट शोधायला जाशील तर हाती काही लागणार नाही.

शोधायचं ते ब्रेकमध्ये. फॉर्म्युला ईच्या तिसऱ्या पिढीच्या गाडीत मागच्या चाकांचा वेग कमी करायचं काम नेहमीच्या डिस्क ब्रेकऐवजी मोटरच जनरेटर होऊन करते, पुढेसुद्धा एक मोटर सुरुवातीला फक्त त्यासाठीच बसवली होती, दोन्ही मिळून ६०० किलोवॅटपर्यंत वीज परत ओढतात आणि रेसमध्ये वापरलेल्या ऊर्जेतली ४० टक्क्यांहून जास्त अशी ब्रेक मारून कमावलेली असते असा आयोजकांचा दावा आहे. आता तू इगतपुरीहून कसारा घाट उतरणारी इलेक्ट्रिक गाडी डोळ्यापुढे आण. पेडल सोडलं की किती ओढायचं, मोटरने किती आणि डिस्कने किती, मधे पायाला धक्का न कळता एकाकडून दुसऱ्याकडे कसं द्यायचं, बॅटरी गरम असेल तर काय, हा सगळा तोच हिशोब आहे, फक्त सावकाश. आणि एक बारकावा, इगतपुरीला गाडी १०० टक्के चार्ज करून उतरायला लागलास तर सुरुवातीला हे ब्रेकिंग जवळजवळ मिळतच नाही, कारण वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. घाटाच्या डोक्यावर ८५-९० वर थांबायचं. हे किती मालकांना शोरूममध्ये सांगतात विचार.

मार्केटिंग आहेच, नाही कोण म्हणतो. पण रेसमधून घरच्या गाडीत सगळ्यात जास्त काय जात असेल तर माणसं जातात. होंडाचं बघ, १९६८ च्या शेवटी फॉर्म्युला वन सोडलं आणि तिथले इंजिनीअर धूर कमी करायच्या कामाला लावले. सर्किटवर जास्तीत जास्त हवा-पेट्रोल कसं जाळायचं ह्यात डोकं घालवलेल्या लोकांनी कमीत कमी पेट्रोल पूर्ण कसं जाळायचं ते शोधलं, त्यातून सीव्हीसीसी इंजिन आलं आणि अमेरिकेचा कडक धूर-कायदा छोट्याशा सिव्हिकने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता पार केला. रेसची इंजिनं करणारे तादाशी कुमे त्या कामात होते, पुढे १९८३ मध्ये ते होंडाचे अध्यक्ष झाले. कॅम्पसला रेसिंगवाली कंपनी आली तर तिथे हे विचार, तुमच्या रेसच्या टीममधली माणसं दोन वर्षांनी कुठल्या खात्यात जातात. गोलगोल उत्तर आलं तर समजून जा.

आणि थोडक्यात :

पणजीहून एकाने विचारलंय गाडीला रेसचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला तर पिकअप वाढेल का. नुसत्या सायलेन्सरने पायाला कळेल इतकं काही वाढत नाही, चलान मात्र वाढतं.

सोलापूर, स्पोर्ट मोडने इंजिनची ताकद वाढत नाही बहुतेक गाड्यांत, तेवढ्याच पायाला थ्रॉटल जास्त उघडतो आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअर उशिरा पडतो, ॲव्हरेज पडलंय ते म्हणूनच. हायवेला ओव्हरटेकपुरता वापरा.

कोल्हापूर, १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल साध्या इंजिनात घालून उपयोग नाही. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल तर पंपावरचं साधंच पेट्रोल घाला आणि उरलेल्या पैशांची मिसळ खा.

धुळ्याहून एक मुलगी नवीन ड्रायव्हिंग शिकतेय, भाऊ म्हणतो रेसवाल्यांसारखं सीट मागे टाकून हात लांब करून बस. भावाने बहुतेक व्हिडिओ गेम बघितलाय. आडवं बसतात ते फॉर्म्युलावाले, त्यांच्या गाडीला दुसरी जागाच नसते, रॅलीवाले ताठ आणि स्टिअरिंगच्या बरेच जवळ बसतात. पाठ सीटला टेकवून हात पुढे कर, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे. नसेल तर सीट पुढे घे, भाऊ काहीही म्हणो.